मधल्या खोलीतलं व्याकरण

सर दवाखान्यातून घरी आले तेव्हा मधल्या खोलीची फरशी स्वच्छ होती. दोन माणसांनी त्यांना खुर्चीसकट तीन जिने वर आणलं होतं. खोलीच्या दारात खुर्ची टेकवली तेव्हा सरांनी आधी फरशीकडे पाहिलं, मग भिंतीशी रचलेल्या खोक्यांकडे, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "सगळं नीट लावून ठेवलंय, सर. एकही कार्ड हरवलेलं नाही."

अर्धांगाच्या झटक्याने सरांचा उजवा हात गेला होता. त्यांनी डाव्या हाताने वरचं खोकं ओढलं. झाकण मी काढून दिलं. आत सगळी घुबडं होती. ज्या ज्या कार्डावर पहिलं चित्र घुबडाचं, ती सगळी मी एकावर एक रचून सुतळीने बांधली होती. दुसऱ्या खोक्यात चालणारे पाय. तिसऱ्यात तोंडं. चौथ्यात पाण्याच्या लाटा. डाळीत डाळ आणि तांदळात तांदूळ ठेवावेत तसं.

सरांनी एक गठ्ठा मांडीवर घेतला. सुतळी सुटेना म्हणून दातांनी ओढली. कार्डं खाली पडली. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "आणि." झटक्यानंतर तेवढाच एक शब्द त्यांच्याकडे उरला होता. आणि, आणि, आणि, असं म्हणत म्हणत ते रडायला लागले. त्यांची भाची शर्वरी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मामा, इट्स ओके, आलात ना आता घरी." तिला वाटलं, ते घरी आल्याचं रडू आहे. मी काय करून ठेवलं होतं ते मला त्या वेळी कळलं.

त्यांचं आडनाव उकिडवे. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर बाहेरची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर. मी येरवड्याहून सकाळच्या बसने येऊन त्यांच्याकडे पोळी-भाजी आणि केर-फरशी करायचे. एकवीस वर्षं केली. माझी शाळा चौथीपर्यंत, लोणी काळभोरला. त्यामुळे सरांचं काम मला समजलं असं मी म्हणणार नाही. पण एकवीस वर्षं ज्याच्याभोवती झाडू फिरवला ते काय आहे, एवढं तरी कळतंच.

इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी जी माणसं राहत होती त्यांची भाषा, हे सरांचं काम. ती बोलणारं आज जगात कोणी नाही. दगडांवर चित्रांत लिहिलेली आहे. परदेशातल्या लोकांनी ती वाचली आणि आपापल्या भाषांत जाड पुस्तकं लिहिली. सरांना तिचं व्याकरण मराठीत लिहायचं होतं. नाम कसं तयार होतं, क्रियापद कसं होतं, त्यांना पुढे-मागे काय चिकटलं की काय बदलतं, ते सगळं. हे एकच पुस्तक त्यांना आयुष्यात करायचं होतं. त्याची दुसरी प्रत नव्हती.

लिहीत होते कार्डांवर, आणि कार्डंही विकत घेतलेली नव्हती. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. पेठेतल्या लोकांना माहीत होतं, लग्न उरकलं की उरलेल्या पत्रिका उकिडव्यांच्या दाराशी आणून ठेवायच्या. सर त्या पट्टी लावून सारख्या कापत. एका बाजूला अर्धा गणपती आणि कोणाचे तरी चिरंजीव, दुसऱ्या बाजूला वर ठळक चित्रांतला शब्द आणि खाली बारीक अक्षरांत मराठी. मी एकदा म्हणाले, "लोकांची लग्नं कापता." ते म्हणाले, "न्यायालयापेक्षा स्वस्तात."

ही कार्डं मधल्या खोलीच्या फरशीवर ओळींत मांडलेली असत. भिंतीपासून भिंतीपर्यंत. प्रत्येकावर एक चिंचोका, उडू नये म्हणून. खिडकी बंद, आणि पंख्याचं बटणच काढून टाकलेलं. वैशाखात सर बनियनवर, घामाने निथळत, ओळींच्या मधून अनवाणी, एक पाय दुसऱ्यापुढे ठेवत चालायचे. मधेच वाकून इथलं कार्ड उचलून तिथे ठेवायचे. मग दोन दिवसांनी पुन्हा इथे. टेबलावर बसून पुस्तक लिहितात असं मी ऐकलं होतं. सर पुस्तकात चालत होते.

एकदा विचारलं, "नंबर का घालत नाही? पडली तर?"

"नंबर घातला की मधे नवीन घुसवायची लाज वाटते, मालनबाई. रांगेतल्या माणसासारखं होतं. अजून जागा ठरलेल्या नाहीत."

"कधी ठरणार?"

"तुम्ही पोळ्या करा."

स्वभावाने गोड नव्हते. चिकट होते. चहाची पूड दोनदा उकळायला लावायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे शर्वरीची आई, कोथरूडला वारली तेव्हा सर दुसऱ्या दिवशी गेले, कारण क्रियापदांची एक ओळ अर्धी लागलेली होती आणि उठलो तर धागा तुटेल असं त्यांना वाटलं. शर्वरीने ते मनात ठेवलं. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवलं असतं.

खालच्या मजल्यावर पानसे म्हणून बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. जिन्यात गाठ पडली की म्हणायचे, "काय सर, फॅरोचं पत्र आलं का?"

सर म्हणायचे, "आलं. वारसांत तुमचं नाव नाही."

त्याच्या पुढे दोघं कधी बोलले नाहीत. वीस वर्षं हेच.

मला शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पण काही विचारायचं असलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. एकदा म्हणाले, "मालनबाई, डाळ काय करते?"

"शिजते."

"आणि तुम्ही काय करता?"

"शिजवते. आणि काय करणार."

"बघा. तुम्ही मागे व लावलात आणि काम डाळीकडून तुमच्याकडे आलं. ते लोक पुढे स लावत. राहणे या शब्दाला पुढे स लावला की ठेवणे. आपोआप राहील ते राहणे, कोणीतरी ठेवावं लागतं ते ठेवणे." आणि तिथेच, माझ्या पोळपाटाच्या कडेवर कार्ड ठेवून लिहून घेतलं. कणीक लागलेलं ते कार्ड पुढे कितीतरी वर्षं खिडकीजवळच्या ओळीत होतं.

दुसऱ्या वेळी मीच विचारलं. एका कार्डावर छोटी अर्धगोल टेकडी पुन्हा पुन्हा दिसायची. सर म्हणाले, "तो पाव आहे. त्याचा उच्चार त. शब्दाच्या शेवटी तो पाव आला की स्त्रीलिंग. सन म्हणजे भाऊ. सनच्या मागे पाव ठेवला की सनत, बहीण."

मी म्हणाले, "म्हणजे तिथेही बाईच्या मागे भाकरी लागलेलीच."

सर हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "हे पाठांतराला बरं आहे." आणि लिहून घेतलं. कुठून आलं तेही कंसात लिहिलं, मालनबाई म्हणून. मी म्हणाले खोडा, त्यांनी खोडलं नाही.

घराचं चित्र काढून त्याच्यामागे चालणारे पाय काढले की बाहेर पडणे, हेही मला त्यांनी सांगितलं होतं. ते पाय वाचायचे नसतात, नुसते बघायचे असतात. क्रिया कशाची आहे ते पायांवरून कळतं. स्वर लिहितच नसत, त्यामुळे ते लोक नक्की कसे बोलत ते कोणालाच ठाऊक नाही. सर म्हणायचे, "आपल्याकडे हाडं आहेत, मांस नाही." असं म्हणताना त्यांना वाईट वाटत नसे. मला वाटायचं. एवढी खटपट करायची आणि हाक मारता यायची नाही.

एकदा कुठल्याशा सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. कार्डांची दोन खोकी उचलायला मी बरोबर गेले. सात माणसं होती. त्यातली पाच पुढच्या कार्यक्रमाला जागा धरून बसलेली. सर तासभर बोलले, एक शब्द कमी केला नाही. शेवटी एका गृहस्थांनी हात वर केला आणि विचारलं, पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले हे खरं का. सर म्हणाले, "त्यांच्या भाषेत बांधणे हे क्रियापद आहे. भिंत बांधणाऱ्या माणसाचं चित्रही आहे. त्यावरून त्यांनीच बांधले असावेत असा माझा अंदाज आहे." पाचजण हसले. सरांनी खोकी बांधली. बसमध्ये म्हणाले, "पुस्तक झालं की या लोकांना विचारायला यावं लागणार नाही."

शर्वरी कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, बाणेरला राहते. आईच्या तेराव्यानंतर वर्षभराने ती आली आणि म्हणाली, "मामा, एक संडे द्या. मी मोबाईलवर सगळ्या कार्डांचे फोटो काढते. बॅकअप हवा ना काहीतरी."

सर म्हणाले, "चालत्या माणसाचा फोटो हलतो."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून चालू आहे. झालं की काढ."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा." मी काही सांगितलं नाही. मला वाटलं, मामा-भाचीचं आहे, आपण कशाला. तो रविवार त्यांनी दिला असता तर, असं मी पुढे बऱ्याचदा मनात आणलं. त्याचा उपयोग नाही.

मग झटका आला. सकाळी मी दार उघडलं तेव्हा ते ओळींच्या शेजारी पडलेले होते, ओळींवर नाही. पडतानाही त्यांनी कार्डं वाचवली होती. दवाखान्यात अठरा दिवस. शर्वरीचा फोन आला, "मावशी, बेड येतोय भाड्याने, तो बाहेरच्या खोलीत बसत नाही. मधली खोली पूर्ण रिकामी करा. व्हीलचेअर फिरली पाहिजे. आणि प्लीज ते मामाचे पेपर्स नीट ठेवा."

नीट ठेवा म्हणाली. मी साड्यांच्या दुकानातून रिकामी खोकी आणली. ओळीनुसार उचलून, प्रत्येक ओळीचा वेगळा गठ्ठा बांधला असता तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. ओळी आहेत हे मला माहीत होतं. एकवीस वर्षं मी त्या ओळींना पाय लागू दिला नव्हता. पण मला वाटलं, सर आजारी आहेत, उठून शोधू शकणार नाहीत, तर सारख्याला सारखं लावून ठेवावं. पटकन सापडेल. मी दोन दिवस फरशीवर बसून घुबडाला घुबड आणि पायाला पाय लावला. चिंचोकेसुद्धा धुऊन बरणीत भरले. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. चौथी शिकलेल्या बाईने सरांचं पुस्तक लावलं, असं.

घरी आल्यावर सरांनी दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. तोंड भिंतीकडे. मी म्हणाले, "चुकलं माझं." ते म्हणाले, "आणि." तिसऱ्या दिवशी खाल्लं. भूक कोणाला सुटली आहे.

मी येरवड्याची खोली मुलाच्या हवाली केली आणि बाहेरच्या खोलीत राहायला आले. त्यांचं अंथरुणातलं सगळं मीच केलं, ते सांगत बसत नाही. पण रोज सकाळी स्पंजिंग झालं की त्यांच्या मांडीवर पाट ठेवायचे आणि कार्डं दाखवायला बसायचे. एक कार्ड पाटावर लावलेलं. दुसरं मी हातात धरायचे. "हे ह्याच्या पुढे?" ते मान हलवायचे, होय किंवा नाही. होय आलं की ठेवायचं, फरशीवर पलंगाच्या कडेला ओळ लावायची.

आधी फार थोडी लागली. मग मला एक सुचलं. कार्डांची मागची बाजू. एकाच लग्नाच्या पत्रिका एकाच सुमारास कापलेल्या असणार, म्हणजे एकाच सुमारास लिहिलेल्या. मी कार्डं उलटी करून नवरा-नवरी जुळवायला लागले. अर्धा गणपती इकडे, अर्धा तिकडे. गुलाबी कागदाची लग्नं, सोनेरी कडेची लग्नं. सर ते बघून डावा हात पाटावर आपटायला लागले, आणि, आणि. मला वाटलं, बरोबर चाललंय म्हणून. पानसे एकदा बघायला आले, दारातच उभे राहिले. जिन्यातला विनोद त्यांनी केला नाही. म्हणाले, "बाई, काही लागलं तर सांगा." आणि कोपऱ्यातलं एक खोकं खिडकीच्या ओलीपासून दूर सरकवून गेले.

पाच महिन्यांत नामांच्या ओळी लागल्या, असं मला वाटलं. एक, दोन आणि अनेक. पुरुष आणि बाई. क्रियापदं उरली होती, ती फार होती. मी सरांना म्हणाले, "गणपतीपर्यंत क्रियापदं संपवू." त्यांनी मान हलवली. होय.

एके सकाळी माझा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. मी अंदाजाने एक कार्ड उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नीट पाहिलं, वेळ घेतला आणि होय म्हणून मान हलवली. ठेवताना मला दिसलं की कार्ड उलटं धरलं गेलं होतं. पाय वर, डोकं खाली. मी ते सुलट करून पुन्हा दाखवलं. त्यांनी तितकाच वेळ घेतला. नाही. मग मी मुद्दाम एका कार्डाची पत्रिकेची बाजू धरली, कोणाच्या तरी ज्येष्ठ कन्येची. त्यांनी ती तितक्याच लक्षपूर्वक पाहिली. होय.

मी गच्चीत जाऊन शर्वरीला फोन केला. जे दिसलं ते सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, डॉक्टर पहिल्या आठवड्यातच बोलले होते. वाचणं गेलंय त्यांचं. मराठीसुद्धा. परत येण्याचे चान्सेस नाहीत म्हणाले."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही दोघं बिझी होतात. मला वाटलं, चालू दे."

म्हणजे पाच महिन्यांच्या ओळी माझ्याच होत्या. चौथी शिकलेल्या बाईच्या. सरांच्या नव्हत्या. मी खाली आले तेव्हा ते दाराकडेच बघत होते. पाट मांडीवर होता. मी चष्मा लावला, बसले आणि पुढचं कार्ड धरलं. "हे ह्याच्या पुढे?" दुसरं काय करणार होते. त्यांना वाचता येत नाही हे त्यांना तर माहीत असणारच. तरी पाच महिने ते माझ्यापुढे मान हलवत होते, एवढं मला त्या दिवसापासून कळलेलं आहे. ते कशासाठी हलवत होते ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते आणि विचारायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

त्यानंतर आणखी दोन महिने आम्ही ते केलं. एकही दिवस चुकवला नाही.

कार्डांचं पुढे काय झालं तेही सांगते. सर गेल्यानंतर शर्वरीने एका संस्थेतल्या तज्ज्ञाला बोलावलं. भला माणूस होता. त्याने दोन तास खोकी पाहिली. म्हणाला, "एकेक कार्ड उत्तम आहे. पण हे पुस्तक नाही, पुस्तकाची विटामाती आहे. यांचा विचार कुठून कुठे जात होता ते कळायला मार्ग नाही. क्रम असता तर आम्ही छापलं असतं." छापलं असतं असं तो सहज बोलून गेला. मी चहा ठेवायला आत गेले. खोकी आता बाणेरला शर्वरीच्या माळ्यावर आहेत.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते मंगळवारी सकाळी. दाढी करून दिली होती, अंगात धुतलेला सदरा होता. पाटावर चार कार्डं ठेवून मी पोळ्यांना गेले. तवा तापलेला होता म्हणून उठता येत नव्हतं, पण दारातून ते दिसत होते. त्यांनी डाव्या हाताने एक कार्ड ओढलं आणि दुसऱ्याच्या कडेला लावलं. कडा जुळेना. बोटाने जरा सरकवलं. मग तिसरं लावलं. चित्रं कशी आहेत, कुठे आहेत, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते नुसत्या कडा सरळ करत होते. चौथ्यावर हात ठेवला. मी पोळी उलटली, फुगली ती उतरवली आणि वळले. हात तिथेच होता, मान छातीवर आली होती.

मी गॅस बंद केला. पानश्यांना हाक मारली, त्यांनी डॉक्टरांना फोन केला. शर्वरीला बाणेरहून यायला दीड तास लागला.

त्या घरात शेवटचे सात महिने आम्ही दोघं होतो. सर गेले. मी आहे.